दुसऱ्या गाडीची चाकं आपल्या गाडीला बसतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान असलं की फोनवर रोज एक तरी फोटो येतो. भंगारातून किंवा ओळखीतून मिळालेल्या अलॉय चाकांचा सेट, आणि खाली एक ओळ: "भाऊ, आपल्या गाडीले बसन का?" नुसत्या फोटोवरून उत्तर देता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. पीसीडी, पीसीडी म्हणतात ते नेमकं काय असते?

नटांच्या सगळ्या भोकांच्या मध्यबिंदूंवरून एक गोल काढला, तर त्या गोलाचा व्यास म्हणजे पीसीडी. तो मिलिमीटरमध्ये सांगतात आणि त्याच्या आधी भोकांची संख्या येते. ४×१०० म्हणजे चार भोकं आणि १०० मिमीचा गोल. ११४.३ आणि १३९.७ हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात इंचातले आहेत: साडेचार इंच आणि साडेपाच इंच.

भोकांची संख्या आणि आकडा दोन्ही जुळले तरच पुढचं बोलायचं. एकच जुळून उपयोग नाही.

२. घरी मोजता येते का? व्हर्निअर नाही आपल्याजवळ.

स्टीलची पट्टी पुरते. शिवणकामाचा टेप वापरू नका, तो ताणतो.

चार किंवा सहा भोकं असतील तर समोरासमोरची दोन घ्या. भोकाच्या मध्यावर पट्टी धरणं कठीण जाते, म्हणून एका भोकाच्या बाहेरच्या काठापासून समोरच्या भोकाच्या आतल्या काठापर्यंत मोजा. भोकं सारखी असली की हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच भरते, आणि तोच पीसीडी.

पाच भोकांत समोरासमोर काही नसते. तिथे शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर अशाच पद्धतीने मोजा आणि १.७०१ ने गुणा. ५८.८ मिमी भरलं तर पीसीडी १००, ६७.२ भरलं तर ११४.३, ८२.१ भरलं तर १३९.७ आणि ९४ च्या आसपास भरलं तर १६०. तीन वेळा मोजा. पाच भोकांत एका मिलिमीटरची चूक गुणाकारात पावणेदोन मिलिमीटर होते.

अलॉयच्या आतल्या बाजूला बरेचदा आकडे कोरलेले असतात. काळ्या मातीचा थर खरवडल्याशिवाय दिसत नाहीत, एवढंच.

३. कोणत्या गाडीचा पीसीडी किती? एकदाच सांगून टाका.

सगळ्या सांगणं शक्य नाही. आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या सांगतो. जुनी मारुती ८०० आणि ऑम्नी ४×११४.३. स्विफ्ट, डिझायर, बलेनो, सँट्रो, आय-टेन, आय-ट्वेंटी, इंडिका आणि जुनी होंडा सिटी ४×१००. फिगो आणि इकोस्पोर्ट ४×१०८. पोलो ५×१००, ऑक्टाव्हिया ५×११२. इनोव्हा, क्रेटा, डस्टर आणि ब्रेझा ५×११४.३. जुनी जीप, जिप्सी, बोलेरो आणि जिम्नी ५×१३९.७. जुनी स्कॉर्पिओ ५×१६०. फॉर्च्युनर आणि २०२० नंतरची थार ६×१३९.७.

एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की पीसीडी बदललेला असू शकतो. पैसे देण्याआधी आपल्या गाडीचं एक चाक काढून मोजाच.

४. पीसीडी जुळला, मग झालं ना?

नाही. निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात: मधलं मोठं भोक (प्रश्न ५), ऑफसेट (प्रश्न ६), नटाचे आटे (प्रश्न ७) आणि नटाची बसणी (प्रश्न ८). शिवाय रिमच्या आत ब्रेक मावला पाहिजे. ऑम्नीची १२ इंची डिस्क (स्टीलचं चाक) स्विफ्टला बसते का, असं एकाने विचारलं होतं. पीसीडी वेगळा आहेच, पण तो सारखा असता तरी स्विफ्टच्या पुढच्या ब्रेकवरून १२ इंची डिस्क गेलीच नसती.

५. अलॉय टाकल्यापासून समृद्धीवर ९०-१०० च्या वर स्टेअरिंग थरथरते. बॅलन्सिंग तीनदा केलं. गावात काहीच होत नाही.

आधी चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहा. पांदणीच्या रस्त्याने वावरात जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळ्या मातीचा किलोभर गोळा वाळून बसलेला असतो. चाळीसच्या वेगाला कळत नाही, शंभरला हात थरथरतात. मीही एका गाडीचं दोनदा बॅलन्सिंग करून दिलं होतं आणि तिसऱ्या वेळी पाण्याचा फवारा मारला. दोन्ही वेळचे पैसे परत केले.

माती नसेल तर मधलं भोक बघा. चाक ज्यावर आवळतात तो गाडीचा भाग म्हणजे हब. कंपनीचं चाक हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर अचूक बसते आणि त्यामुळे ते केंद्रात राहते. मारुती, ह्युंदाईच्या ४×१०० गाड्यांत हा उंचवटा ५४.१ मिमीचा असतो, होंडात ५६.१, पोलोत ५७.१, फोर्डात ६३.४. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावे म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवतात. मग चाक केंद्रात ठेवायची जबाबदारी नुसत्या नटांवर येते आणि फिटिंग करताना ते केसभर सरकून बसते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून केंद्रात धरलेलं असते, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

उपाय स्वस्त आहे: हब रिंग. बाहेरचा व्यास चाकाच्या भोकाएवढा, आतला हबएवढा. प्लास्टिकची चालते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात, घाटात ब्रेक तापला की ती मऊ पडू शकते. मी ॲल्युमिनियमची देतो. ती चिकटून बसते, म्हणून वर्षातून एकदा काढून साफ करावी लागते.

भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. लेथवर मोठं करून घेता येते, पण खरादी अलॉयवर काम केलेला हवा.

६. ऑफसेट, ईटी ही काय भानगड आहे?

चाकाचा जो भाग हबला टेकतो तो रिमच्या बरोबर मध्यावर असेल तर ईटी शून्य. बाहेरच्या बाजूला असेल तर ईटी अधिक, आणि तितकं चाक गाडीच्या आत जाते. छोट्या गाड्यांत ईटी साधारण ४० ते ५० असतो.

मोजायचं असेल तर टायर काढलेली रिम पालथी टाका, वरच्या काठांवर आडवी पट्टी ठेवा आणि हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतची खोली घ्या. त्यातून रिमच्या काठापासून काठापर्यंतच्या रुंदीचा अर्धा भाग वजा करा. सहा इंची रिमची पूर्ण रुंदी १७८ मिमीच्या आसपास भरते, अर्धी ८९. खोली १३४ आली तर ईटी ४५.

पाच-सात मिलिमीटरचा फरक बहुतेक गाड्या पचवतात. ईटी वीस-पंचवीसने कमी झाला की चाक बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि मागे चार माणसं बसून डिक्कीत संत्र्याच्या पेट्या पडल्या की टायर फेंडरला घासते. रिकाम्या गाडीवर तपासून "बसलं" म्हणू नका.

७. नट दोन आटे गेला आणि अडला. जोर लावू का?

लावू नका. मारुतीचे स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट जातो) १२ मिमीचे, आटे १.२५ चे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे पण १२ मिमीचेच, मात्र आटे १.५ चे. दिसायला सारखेच. सेटसोबत आलेले जुने नट दुसऱ्या कंपनीचे असले की हाताने एक-दोन फेरे जातात आणि अडतात. तिथे हवेची गन लावली की आटे मरतात किंवा स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड बदलायला हब-ड्रम उघडावा लागतो.

नियम साधा आहे: नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. पूर्ण आवळताना तो किती फेरे जातो तेही मोजा. १.२५ च्या आट्यांवर निदान दहा, १.५ वर निदान आठ फेरे हवेत. अलॉयची पाठ जाड असते, स्टड तोकडा पडतो आणि नट चार आट्यांवर लटकलेला असतो. बाहेरून सगळं छान दिसते.

पोलो, ऑक्टाव्हियात स्टड-नट नसतो. हबमध्ये सरळ १४ मिमीचा बोल्ट जातो. तिथे बोल्टाची लांबी मोजायची.

८. स्टील डिस्कचे नट अलॉयला चालतात का?

नटाचं तोंड आणि भोकाची बसणी जुळली तर चालतात, नाहीतर नाही. बाजारातल्या बहुतेक अलॉयला ६० अंशांचा कोन असलेला नट लागतो. होंडा आणि फोक्सवॅगनच्या कंपनीच्या चाकांत बसणी गोल वाटीसारखी असते. टोयोटाच्या काही अलॉयना सपाट वायसरचा, लांब दांड्याचा नट असतो. कोनाचा नट गोल वाटीत टाकला तर तो फक्त एका रेषेवर टेकतो. आज घट्ट, आठ दिवसांनी ढिला. नटाला निळी शाई लावून हलकं आवळा आणि काढून पाहा. पूर्ण गोलात शाई उमटली पाहिजे.

९. लेथवाला म्हणतो भोकं लांबट करून देतो. करू का?

नाही. १०० आणि ११४.३ मध्ये मध्यापासूनचा फरक ७.१५ मिमी आहे. १२ मिमीच्या स्टडच्या भोकाला सात मिमी सरकवलं तर इंग्रजी आठसारखं भोक तयार होते. नटाचा कोन टेकायला गोल कडा उरत नाही, आणि चाक केंद्रात ठेवणारं काहीच उरत नाही.

भोक वेल्डिंगने भरून नवीन पाडणं हा दुसरा प्रकार. अलॉयच्या चाकांना कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी नटाजवळची ताकद जाते. स्टीलच्या डिस्कला जुन्या भोकांच्या मधोमध नवीन चार भोकं पाडून देणारे कारागीर आहेत. पण डिस्कचा तो भाग सपाट नसतो, उठावदार असतो, आणि बसणी दाबून काढलेली असते. नुसत्या ड्रिलने ती येत नाही. शेतातल्या ट्रॉलीसाठी ठीक, माणसं बसणाऱ्या गाडीसाठी मी करून देत नाही.

१०. दोनच मिलिमीटरचा फरक आहे, ९८ आणि १००. नट तर लागले!

हाच फरक सगळ्यात धोक्याचा. ११४.३ चं चाक १०० वर चढतच नाही, म्हणून माणूस वाचतो. जुन्या फियाट पालिओच्या ४×९८ हबवर ४×१०० चं चाक मात्र चढते. एक बोल्ट नीट बसतो, बाकीचे तिरपे ओढले जातात, आणि आवळलं की सगळं घट्ट वाटते. बोल्ट रोज थोडा थोडा वाकत राहतो आणि एक दिवस तुटतो.

माझ्याच मामेभावाच्या गाडीला मी असा सेट चढवला होता, तेव्हा दुकान नवीन होतं. तीन आठवड्यांनी आर्वी रस्त्यावरून त्याचा फोन आला, मागून टकटक आवाज येतो म्हणून. चारपैकी एक बोल्ट जागेवर नव्हता आणि दुसरा हाताने फिरत होता. तेव्हापासून बोटाने नट न जाणारं चाक मी आवळत नाही.

बोल्टवाल्या गाड्यांसाठी सरकत्या कोनाचे खास बोल्ट मिळतात, ते एक-दोन मिमीचा फरक भरून काढतात. स्टड-नटवाल्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

११. मग अडॅप्टर लावावा का?

अडॅप्टर म्हणजे जाड धातूची चकती. ती आपल्या हबवर नटांनी आवळतात, आणि तिच्यात नवीन पीसीडीचे स्टड असतात. ४×१०० वर ५×११४.३ चं चाक बसवायचा सरळ मार्ग हाच.

पण ती चकती २०-२५ मिमी जाड असते. त्याहून पातळ केली तर जुने स्टड बाहेर डोकावतात आणि चाक सपाट टेकत नाही. २५ मिमीची चकती लावली की ईटी ४५ चा २० होतो, एका धुरीवर दोन्ही बाजू मिळून चाकं ५० मिमी रुंद होतात. म्हणजे प्रश्न ६ मधलं सगळं दुखणं. हिशेब एकाच ठिकाणी जमतो: तुम्ही आणलेल्या चाकाचा ईटी मुळातच गाडीच्या गरजेपेक्षा तेवढ्याने जास्त असेल तर. असं क्वचित होते.

लावायचाच असेल तर एका तुकड्यातून मशीनवर काढलेला, मध्ये हबची अचूक बसणी असलेला घ्या. ओतीव, खडबडीत चकती नको. आतले नट ५०-१०० किलोमीटरनंतर चाक काढून पुन्हा आवळावे लागतात. हे कोणी करत नाही, कारण ते नट दिसत नाहीत.

माझं मत विचाराल तर अडॅप्टरचे पैसे आणि जुना सेट विकून येणारे पैसे एकत्र करा आणि बरोबर पीसीडीचं चाक घ्या.

१२. आठ भोकांचा अलॉय मिळतो, तो चालतो का?

हो. ४×१०० आणि ४×११४.३ किंवा ४×१०० आणि ४×१०८ अशा दोन गोलांची भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. पाच बोल्टांसाठी दहा भोकांचे येतात. चार भोकं रिकामी राहतात, त्यात घाण साचते, बाकी दोष नाही. चाकं नवीनच घेत असाल तर आयएसआयचा शिक्का पाहून घ्या.

१३. स्कॉर्पिओचे अलॉय बोलेरोला टाकायचे आहेत. दोन्ही पाच बोल्टाच्या, कंपनीही एकच.

जुन्या स्कॉर्पिओचा गोल १६०, बोलेरोचा १३९.७. बसत नाहीत. कंपनी एक असण्याचा पीसीडीशी संबंध नाही. फॉर्च्युनरचे अलॉय १३९.७ चे आहेत, पण भोकं सहा, म्हणून तेही नाही. जिप्सीचे पाहता येतील, मात्र मधलं भोक आणि ईटी मोजूनच. हा प्रश्न लग्नसराईच्या आधी दर वर्षी येतो.

१४. चार बोल्टाचा हब काढून पाच बोल्टाचा टाकला तर?

त्याच गाडीच्या मोठ्या मॉडेलला पाच बोल्टाचा हब येत असेल, आणि बेअरिंग, एक्सलचे दात, ब्रेकची डिस्क आणि एबीएसची रिंग सगळं जुळत असेल, तर होते. नाहीतर एका चाकापायी अर्धी गाडी बदलाल. ड्रममध्येच नवीन भोकं पाडून स्टड ठोकणं हा प्रकार करू नका.

१५. स्टेपनीचं काय?

प्रश्न ११ चा अडॅप्टर लावला असेल तर जुनी स्टेपनी आता बसणार नाही. रात्री नऊ वाजता पुसद-दारव्हा रस्त्यावर पंक्चर झाल्यावर हे कळलेला माणूस मला माहीत आहे. नवीन पीसीडीचीच स्टेपनी ठेवा. अलॉय लावले आणि स्टेपनी स्टीलची राहिली असेल तर प्रश्न ८ प्रमाणे तिचे वेगळे नट डिक्कीत टाका. पानाही तपासा: मारुतीच्या नटाला १९ चा लागतो, ह्युंदाईला २१ चा.

१६. आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगते की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ(४) खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

त्यामुळे कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जो आकार देते, तिथेच थांबा. बाहेर आलेली चाकं आणि अडॅप्टर नजरेत भरतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर पहिला प्रश्न चाकावरच येईल.

१७. किती आवळायचं? पोरगं पान्यावर उभं राहून आवळते.

बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ४० सेंटिमीटरच्या पान्यावर २५ किलोचा जोर दिला की साधारण १०० होतात. साठ किलोचं पोरगं उभं राहिलं की दुपटीहून जास्त. त्याने स्टड ताणला जातो.

समोरासमोरचे नट आळीपाळीने, पाच असतील तर चांदणी काढतो तसे. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल नको, तारेच्या ब्रशने साफ करा. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

१८. नॅनोला मारुतीची चाकं?

नॅनोला तीनच नट. नाही.

१९. भंगारातली चाकं फवारणीच्या ट्रॉलीला किंवा बंडीला लावायची आहेत. पीसीडी कसा जुळवू?

जुळवूच नका. चाकासोबत त्याच गाडीचा हब उचला. पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीचा मागचा हब घ्या, कारण तो ठोकळ्या एक्सलवर बेअरिंगने बसलेला असतो आणि ट्रॉलीच्या धुरीला वेल्डिंग करता येतो. पुढचा हब घेऊ नका. त्याची बेअरिंग इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टने आवळलेली असते, शाफ्ट काढला की ती ढिली पडते.

मग वजन पाहा. टायरवर आकारानंतर एक आकडा असतो. १४५/८० आर १२ वर ७४ असेल तर एका टायरची ताकद ३७५ किलो, १६५/८० आर १४ वर ८५ असेल तर ५१५. सहाशे लिटरची टाकी म्हणजे सहाशे किलो पाणी, वर पंप, इंजिन आणि लोखंड. बारा इंची दोन टायर मिळून ७५० झाले, आणि वावरातल्या धुऱ्यावरून एक चाक उचललं की सगळा भार दुसऱ्यावर. पाचशे लिटरच्या वर असेल तर चौदा इंचीच घ्या, आणि हबही त्याच गाडीचा.